हे नको, दुसरे द्या

सोलापूर शहरातल्या एका वाचनालयात काही दिवसांपूर्वी पाहिलेला हा प्रसंग. संध्याकाळची वेळ, देवघेवीच्या टेबलापुढे पाच-सात जणांची रांग. त्या रांगेत मैत्रिणीचे कोपर धरून उभी असलेली पंधरा-सोळा वर्षांची एक मुलगी, दुसऱ्या हातात घडी केलेली पांढरी काठी. नंबर आला तसे तिने विचारले, "काका, नारायण धारपांचं काही आहे का? ब्रेलमध्ये?" टेबलामागचे गृहस्थ मनाने चांगले होते. ते लगेच उठले, आतल्या खोलीत गेले आणि जाड बांधणीचे एक मोठे पुस्तक दोन्ही हातांनी उचलून घेऊन आले. "धारप नाहीत गं बाळ. हे घे, हेलन केलरचं चरित्र आहे. वाच, हुरूप येईल." मुलीने पुठ्ठा उलटला, पहिल्या ओळीवरून तर्जनी फिरवली. तीन-चार शब्दांतच तिला कळले. "हे झालंय काका, दोनदा," ती म्हणाली आणि तरीही ते पुस्तक पिशवीत घालून घेऊन गेली. आलोच आहोत तर रिकाम्या हाताने परतायचे नाही, एवढेच त्यामागे असावे.

तेवढ्या वेळात तिची मैत्रीण कपाटांमधून एक फेरी मारून आली होती. एक पुस्तक काढून तिने मलपृष्ठावरचा मजकूर वाचला, ठेवून दिले. दुसऱ्याची मधलीच दोन पाने वाचून नाक मुरडले. तिसरे नुसते हातात घेऊन परत सरकवले. चौथे आपल्या नावावर लिहून घेतले. पाच मिनिटांत तिने तीन पुस्तके नाकारली. नाकारायला समोर तीन पुस्तके असणे ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे तिच्या ध्यानातही आले नसेल. आपल्या तरी कुठे येते?

दृष्टिहीनांसाठी पुस्तके हवीत, हे आता कुणाला पटवून द्यावे लागत नाही. कोणती हवीत आणि ती कुणी ठरवायची, इथे मात्र आपली गाडी अडते. बहुतेक ठिकाणी ब्रेलच्या कपाटात तीन तऱ्हेची पुस्तके दिसतात: अभ्यासाची, देवाधर्माची आणि थोरामोठ्यांच्या चरित्रांची. तिन्ही हवीच आहेत, त्यांतल्या एकाचीही किंमत कमी नाही. पण कपाट तिथेच संपले की त्याचा अर्थ असा होतो की अंध माणूस आपल्या लेखी विद्यार्थी आहे, भाविक आहे, धडा घेणारा आहे, वाचक नाही. वाचकाला खून कुणी केला ते जाणून घ्यायचे असते. त्याला रात्री अंगावर काटा आणणारी गोष्ट हवी असते, प्रेमकथा हवी असते, क्रिकेटपटूचे आत्मचरित्र आणि शेंगाचटणीची पाककृती हवी असते. कधी त्याला काहीच शिकायचे नसते. ही भूक डोळ्यांनी वाचणाऱ्याची आणि बोटांनी वाचणाऱ्याची एकच आहे.

कपाट असे अरुंद का राहते, त्याला कारण आहे. ब्रेलच्या छापील ठिपक्यांना जागा लागते आणि कागदही जाड लागतो. साध्या पुस्तकाच्या एका पानाची ब्रेलमध्ये साधारण अडीच ते तीन पाने होतात. तीनशे पानांची कादंबरी घेतली तर तिचे आठ-नऊशे पानांचे गाठोडे होते आणि ते दोन-चार खंडांत बांधावे लागते. हे खंड एकावर एक रचून ठेवले तर वजनाने खालचे ठिपके दबतात, म्हणून ते उभेच ठेवावे लागतात. म्हणजे कागद, छपाई, बांधणी आणि जागा, चारही गोष्टी महाग. विक्रीतून हा खर्च निघत नाही, तो बहुतेक वेळा देणगीतून होतो. आणि देणगी देणारा सत्पुरुषाचे चरित्र छापायला जितक्या आनंदाने पैसे देतो, तितक्या आनंदाने भयकथेला देत नाही. त्याच्या हेतूत खोट नाही. पण वर्षानुवर्षे अशा शुभ हेतूंचीच बेरीज होत गेली आणि त्या मुलीच्या हातात तेच चरित्र तिसऱ्यांदा पडले.

आपल्याकडे अंध मुलांना वाचायला शिकवण्याचे काम जुने आहे. ॲना मिलार्ड या मिशनरी बाईंनी मुंबईत १९०० साली अंध मुलांची शाळा काढली. भारतीय भाषांसाठी एकच ब्रेल असावी, असे ठरून १९५१ साली भारती ब्रेल स्वीकारली गेली. शिकवणारे भेटले, लिपी ठरली. शिकलेल्याने पुढे आयुष्यभर काय वाचायचे, हा प्रश्न मात्र ज्या त्या वेळच्या ऐपतीवर सोडला गेला. लुई ब्रेल यांनी १८२९ मध्ये आपली लिपी पुस्तकरूपाने मांडली, तेव्हा ते अवघे वीस वर्षांचे होते. त्या वयातल्या मुलाला काय काय वाचावेसे वाटत असेल, हे आपण आपल्याच विशीकडे पाहून ओळखावे.

ही लिपी जरा जवळून पाहू. सहा ठिपक्यांचे एक घर, दोन उभ्या रांगा, प्रत्येकीत तीन ठिपके. त्यांतले कोणते उठावाचे, त्यावर अक्षर ठरते. ‘सोलापूर’ हा शब्द ब्रेलमध्ये लिहिला की सात घरे होतात: स, ओ, ल, आ, प, ऊ, र. काना-मात्रा अक्षराच्या डोक्यावर किंवा पायाशी बसत नाहीत, आपापले घर घेऊन अक्षरामागे ओळीने उभ्या राहतात. पाटीवर खिळ्यासारख्या स्टायलसने ठिपके टोचताना हा शब्द उजवीकडून डावीकडे लिहायचा आणि कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचायचा. सरावलेल्या तर्जनीला ती सात घरे ओलांडायला डोळ्याचे पाते लवण्याइतका वेळ पुरतो.

आणि या सात घरांत सोलापूरला उपयोगी पडेल अशी एक गंमत आहे. भारती ब्रेलमध्ये उच्चार एक तर ठिपके एक. मराठीतला स, कन्नडमधला स, तेलुगूतला स, यांतले कन्नड आणि तेलुगू आकार एकमेकांसारखे असले तरी मराठीचा आकार डोळ्यांना त्यांच्या जवळपासही जात नाही, पण बोटाखाली ते एकच अक्षर आहे. ल, प आणि र यांचेही तेच. उर्दूची ब्रेलही डावीकडून उजवीकडे वाचतात आणि ही चार अक्षरे तिच्यातही हीच आहेत. आपल्या शहरात एका गल्लीत मराठी, पुढच्या गल्लीत तेलुगू, बाजारात कन्नड आणि पेठेत उर्दू ऐकू येते. घरात तेलुगू बोलणारी आणि शाळेत मराठी शिकणारी डोळस मुले या शहरात कितीतरी आहेत. त्यांतल्या अनेकांना आजीची भाषा बोलता येते, वाचता येत नाही, कारण लिपी वेगळी. ब्रेल येणाऱ्या मुलाला ही भिंत जवळजवळ नाहीच. दोन-चार जादा अक्षरे शिकली की आजीच्या भाषेतले पुस्तक त्याच्या बोटांना वाचता येईल. असे पुस्तक कुणीतरी त्याच्या हातात द्यायला मात्र हवे. चार भाषांचे ब्रेल कपाट महाराष्ट्रात कुठे शोभावे, तर ते सोलापुरात.

यावर हटकून एक शंका येते: आता मोबाईल सगळे वाचून दाखवतो, मग ब्रेलचा एवढा पसारा कशाला? फोन बोलू लागल्याने अंध माणसाचे जगणे खरोखर बदलले. संगणकावर पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे एनव्हीडीए हे सॉफ्टवेअर फुकट मिळते, अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक असतेच. मधुमेहाने किंवा काचबिंदूने साठीनंतर नजर गेलेल्यांना बोटांची लिपी नव्याने शिकणे जड जाते. त्यांचा आधार आवाजी पुस्तकच. पण नुसत्या ऐकण्यावर वाढलेल्या मुलाला ‘दिन’ आणि ‘दीन’ कळणार कसे? स्वल्पविराम कुठे पडला, परिच्छेद कुठे मोडला, नवे नाव कसे लिहितात, हे कानाला दिसत नाही. कवितेच्या ओळीवर बोट ठेवून थांबता येते, मागे जाता येते. घरातले झोपल्यावर, कुणाचाही आवाज मध्ये न येता, आपल्याच मनाच्या आवाजात वाचता येते. दृष्टीबरोबर श्रवणही नसलेल्यांना तर दुसरी वाटच नाही. आणि ज्यांची नजर अधू आहे, पूर्ण गेलेली नाही, त्यांना ना ब्रेल हवी ना आवाज. त्यांना ठळक, सोळा-अठरा पॉइंटांत छापलेले अक्षर हवे. तेव्हा विविधता दोन्हीकडून हवी, विषयांतही आणि रूपांतही: ठिपक्यांचे, आवाजाचे, मोठ्या टायपाचे आणि संगणकाला वाचता येईल असे.

हे होऊ शकते, याची उदाहरणे मराठीतच आहेत. १५ फेब्रुवारी २००८ रोजी स्वागत थोरात यांनी ‘स्पर्शज्ञान’ हे ब्रेल पाक्षिक सुरू केले. त्यात राजकारण आले, आरोग्य आले, नाटक-सिनेमा आला, खाद्यपदार्थही आले. आपल्या वाचकाला सगळ्या गोष्टींत रस असणार, हे त्यांनी गृहीत धरले. पुण्यात मीरा बडवे यांच्या ‘निवांत अंध मुक्त विकासालया’ने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी ब्रेल पुस्तके तयार करण्याचे काम नेटाने उभे केले. २०१६ साली ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले. देशातल्या अनेक संस्थांनी तयार केलेली पुस्तके तिथे एकत्र मिळतात. त्यात इंग्रजीचा वाटा मोठा आणि मराठीचा त्या मानाने लहान आहे. तो वाढवणे हे आपल्याशिवाय दुसऱ्या कुणाचे काम आहे?

‘लेखक-प्रकाशकांच्या हक्काचे काय’ म्हणून पुष्कळ चांगली माणसे इथे थबकतात. त्यांनी निर्धास्त व्हावे. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. जिला नेहमीचे छापील पुस्तक वाचता येत नाही अशा दिव्यांग व्यक्तीसाठी ते तिला वाचता येईल अशा रूपात आणणे आणि तिला देणे हा त्यानंतर हक्कभंग ठरत नाही, मात्र त्यात नफा घ्यायचा नाही. असे काम करू शकणाऱ्या संस्थांत सरकारमान्य ग्रंथालयाचा उल्लेख कायद्यातच आहे. अशी पुस्तके देशांच्या सीमा ओलांडून जावीत म्हणून २०१३ साली माराकेश करार झाला आणि त्याला २०१४ मध्ये सर्वांत आधी मान्यता दिली ती भारताने. महाराष्ट्रात अकरा हजारांहून अधिक मान्यताप्राप्त सार्वजनिक ग्रंथालये आहेत. यांतल्या कुणालाही आपल्या कपाटातली कादंबरी अंध सभासदासाठी आवाजात किंवा ब्रेलमध्ये करून घेण्याची मोकळीक आहे. परवानगी मिळून दहा वर्षे उलटून गेली. ती वापरणारे हात थोडे आहेत.

प्रकाशकांनाही एक साधी विनंती. मराठीतली कितीतरी पुस्तके अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकांत जुळवलेली आहेत. कागदावर ती देखणी दिसतात, पण त्यांची फाइल संगणकाला वाचायला दिली की ‘वाचनालय’ या शब्दाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक गोंगाट ऐकू येतो. स्कॅन केलेली पाने तर त्याच्या लेखी नुसती चित्रे. नवे पुस्तक युनिकोडमध्ये जुळवले आणि त्याची एक फाइल अंध वाचकांसाठी काम करणाऱ्या ग्रंथालयाला दिली, तर त्याच फाइलमधून ब्रेल, आवाज आणि मोठा टाइप अशी तिन्ही रूपे निघतात. छापून झालेले पुस्तक पुन्हा पहिल्यापासून टाइप करायला महिने जातात. तो सगळा वेळ वाचतो.

पोस्टाची एक सवलतही अनेक ग्रंथपालांच्या लक्षात नसते. अंधांसाठीच्या साहित्याचे पाकीट सात किलोपर्यंत विनाशुल्क जाते, त्यावर तिकीट लावावे लागत नाही. म्हणजे सोलापुरात एक चांगले कपाट उभे राहिले तर ते एकट्या शहराचे राहणार नाही. अक्कलकोट, मंगळवेढा, करमाळा, सांगोला, कुठल्याही गावातला वाचक घरबसल्या पुस्तक मागवू शकेल आणि वाचून झाले की तसेच पोस्टात टाकू शकेल. एका काठीच्या आधाराने दोन एसटी बदलून शहरात यायचे त्याचे कष्ट एका पाकिटाने वाचतील. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात पावणेसहा लाखांच्या आसपास लोकांची नोंद दृष्टिदोष असलेले अशी झाली. ते सगळे मुंबई-पुण्यात राहत नाहीत.

आता या कपाटात काय असावे? आमच्या मनातली यादी सांगतो, ती पुरती मानू नये. धारप-मतकरींच्या भयकथा, गूढकथा आणि अर्नाळकरांच्या रहस्यकथा असाव्यात. या वर्षीचे दोन-तीन दिवाळी अंक असावेत आणि ते दिवाळीतच मिळावेत, पुढच्या गुढीपाडव्याला नव्हे. लहान मुलांसाठी बोटांना कळतील अशी उठावाच्या चित्रांची पुस्तके असावीत. हत्ती ‘मोठा असतो’ हे पाठ करण्यापेक्षा सोंडेची रेघ बोटाने गिरवलेली बरी. शेतीची, कायद्याची, बाळंतपणाची, शेअर बाजाराची पुस्तके असावीत. आणि सोलापूरची स्वतःची पुस्तके तर असलीच पाहिजेत. त्र्यं. वि. सरदेशमुखांच्या ‘डांगोरा एका नगरीचा’ला २००३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, त्या कादंबरीचा लेखक आपल्या शहरात राहत होता. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या सोलापूरच्या स्वातंत्र्यसैनिकांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. चौकातले त्यांचे पुतळे डोळसांना जाता-येता दिसतात. ज्याला ते दिसत नाहीत त्याला त्यांची हकीकत बोटाखाली मिळायला हवी. इथे जन्मलेले आणि चीनमध्ये रुग्णसेवा करता करता १९४२ मध्ये देह ठेवलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस, सिद्धरामेश्वरांची कन्नड वचने, तेलुगू घरांतल्या गोष्टी, हे सारे या कपाटात यावे.

आवाजी पुस्तकांसाठी तर शहराकडे भांडवल तयारच आहे. हुतात्मा स्मृती मंदिरात नाटक करणारी हौशी मंडळी इथे आहेत, एकांकिका बसवणारी महाविद्यालयीन मुले आहेत, चाळीस वर्षे वर्गात धडे वाचून दाखवलेले निवृत्त शिक्षक आहेत. एका शांत खोलीत, चांगल्या माइकपुढे, रोज एक तास वाचले तर मध्यम आकाराची कादंबरी एका माणसाकडून दोन-तीन आठवड्यांत पूर्ण होते. वाचताना पान आणि प्रकरण सांगत जावे, म्हणजे ऐकणाऱ्याला हवे तिथे जाता येते. आवाजात नाट्य कमी आणि स्पष्टता जास्त ठेवावी, रंग वाचकाला आपला आपण भरू द्यावा. गावाकडचा संवाद असेल तर तो आपल्या सोलापुरी बोलीत आला तर उत्तमच; पुस्तकातही आपली माणसे बोलतात, हे ऐकणाऱ्यालाही कळू दे.

एवढे सगळे करूनही एक गोष्ट राहिली तर केलेले वाया जाईल, ती म्हणजे यादी. डोळस वाचक कपाट चाळतो. अंध वाचकाला कपाट चाळता येत नाही, त्याला ‘काय आहे’ हे विचारावे लागते आणि जे सांगितले जाईल तेच कळते. म्हणून ग्रंथालयातल्या उपलब्ध पुस्तकांची यादी ब्रेलमध्ये आणि आवाजात असावी. आवाजी यादीत प्रत्येक पुस्तकाचा मलपृष्ठावरचा मजकूर आणि पहिले एक पान असावे, म्हणजे त्यालाही चार पुस्तके चाळून पाचवे घेता येईल. आणि नवी पुस्तके कोणती करायची, हे ठरवणाऱ्या मंडळात अंध वाचक असावेत, एखादा मानापुरता नव्हे, निम्मे तरी. पदरमोड देणगीदाराची असली तरी पसंती वाचकाची असावी. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाकडे दिव्यांग वाचकांच्या विभागासाठी साहाय्याची योजना आहे. नेमकी मागणी करणारे ग्रंथालय असेल तर पैशाची वाटही निघते.

१५ ऑक्टोबरला महाराष्ट्रात वाचन प्रेरणा दिन साजरा होतो. पांढरी काठी दिनही त्याच तारखेला येतो. एका कार्यक्रमात पुस्तकांचे महत्त्व सांगितले जाते, दुसऱ्यात काठ्यांचे वाटप होते, आणि दोन्हीकडची माणसे सहसा एकमेकांना भेटत नाहीत. सोलापुरातल्या ग्रंथालयांनी, नाट्यसंस्थांनी आणि महाविद्यालयांनी येत्या १५ ऑक्टोबरला हे दोन कार्यक्रम एकाच सभागृहात घ्यावेत. भाषणे थोडी ठेवावीत. आलेल्या प्रत्येक अंध वाचकाला एकच प्रश्न विचारावा: तुम्हाला काय वाचायचे आहे? उत्तरे लिहून घ्यावीत आणि त्यांतली पहिली पंचवीस पुस्तके पुढच्या १५ ऑक्टोबरपर्यंत तयार करावीत. एका शहराला वर्षाला पंचवीस पुस्तके जड नाहीत.

त्या मुलीने धारप मागितले होते. ते तिला मिळावेत. घरी नेऊन तिने दोन प्रकरणे वाचावीत आणि कदाचित तिला ते आवडू नयेत. मग दुसऱ्या दिवशी त्याच टेबलापुढे येऊन तिने ते पुस्तक अर्धवट वाचून परत करावे आणि म्हणावे, "काका, हे नको, दुसरं द्या." त्या काकांनी उठून विचारावे, "कोणतं देऊ?" आणि तिच्यापुढे यादी ठेवावी. त्या दिवशी ती या शहराच्या वाचनालयाची खरी सभासद झाली, असे आम्ही म्हणू.